कैरीच्या चिकाचा वास

आमच्या कंपनीत गॅस ओळखायची दोन साधनं होती. एक भिंतीवरचं यंत्र आणि दुसरं रामनाथचं नाक. यंत्र वर्षातले सहा महिने दुरुस्तीला गेलेलं असायचं. नाक मात्र बावीस वर्षं खाडा न करता कामावर येत होतं, त्यामुळे सगळ्यांचा भरवसा नाकावर. मला याचा तेव्हाही राग यायचा. पण तो राग मी दुपारच्या डब्याबरोबर गिळून टाकत असे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी शहाणी समजायला नको.

मी दीपिका. तारापूर एमआयडीसीत रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. पालघरहून रोज स्कूटीने ये-जा करते. रामनाथ खाली प्लांटवर सीनियर ऑपरेटर होता. राहायला शिरगावला, किल्ल्याच्या मागच्या आळीत. वय चोपन्न, अंगाने काटक, बोलायला फटकळ. कॅन्टीनच्या दारातूनच सांगायचा, "आज डाळ कालची हाय." आणि ती कालचीच असायची. आचारी त्याला पाहिला की पातेल्यावर झाकण ठेवायचा.

आमच्या आवारात सांडपाण्याचा एक खोल खड्डा आहे. सगळे त्याला पिट म्हणतात. तळाशी पंपाची जाळी आहे, ती महिन्यातून दोन-तीनदा तुंबते आणि कुणाला तरी शिडीने उतरून ती साफ करावी लागते. सल्फाइडचं पाणी आणि ॲसिडचं पाणी चुकून एकत्र आलं, तर तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असेल तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तेव्हा वास घेणारं नाकच बधिर होतं आणि माणूस दोन श्वासांत आडवा होतो. म्हणजे तो पहिला, हलका वास ज्याला कळला तोच वाचला.

म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. कुणी घालून दिली ते ठाऊक नाही, कुठल्याही नियमावलीत ती नाही. कोणी पिटमध्ये उतरायच्या आधी रामनाथ काठावर उकिडवा बसायचा, मान खाली घालून तीनदा सावकाश श्वास घ्यायचा आणि मग उजवा हात वर करायचा. हात वर झाला की उतरायचं, नाही झाला तर नाही. नवीन आलेले शिफ्ट इंजिनियर आधी हसायचे. महिनाभरात तेच ओरडायला लागायचे, "रामनाथ को बुलाओ!"

आता बियरची गोष्ट. चार वर्षांपूर्वी पंपाच्या एका प्रशिक्षणाला कंपनीने आम्हा दोघांना पुण्याला पाठवलं होतं. तिथे रामनाथचा भाचा ललित आम्हाला एका हॉटेलात घेऊन गेला, जिथे ते स्वतःची बियर बनवायचे. मी लिंबू सोडा घेतला. रामनाथपुढे एक ढगाळ, नारिंगी रंगाचा ग्लास आला. त्याने तो प्यायलाच नाही. दहा मिनिटं नुसतं नाक ग्लासात.

"मॅडम," तो म्हणाला, "कैरी तोडली का देठातून चीक निघतो ना? तोच वास हाय बघा. आन् यात आंबा नाय म्हणतात."

ललितने सांगितलं की तो वास हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची सुकवलेली फुलं. रामनाथने वेटरला बोलावलं, वेटरने तिथल्या बनवणाऱ्याला बोलावलं, आणि आम्ही तिथून निघालो तेव्हा हॉटेल बंद करायची वेळ झाली होती. परतीच्या वाटेवर माणूस दुसरं काही बोलेना. घरी बियर करायला परवाना लागतो का, हे मला विचारू नका. रामनाथनेही कुणाला विचारलं नव्हतं.

त्याचे वडील ताडी काढायचे. मडकं सकाळी उतरवायचं, दुपारपर्यंत विकायचं, संध्याकाळी ती आंबट. मडक्याचं तोंड कधी घट्ट बांधायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या घरातल्या माणसाला एक पेय महिनाभर सांभाळायचं होतं आणि शेवटी बाटलीत बूच ठोकून कोंडायचं होतं. त्याची बायको दमयंती म्हणायची, "सासरे ताडावर चढायचे, आमचे हे बादलीत उतरलेत."

पहिली बॅच त्याने ऐन एप्रिलमध्ये लावली. यीस्ट टाकलं आणि वीस लिटरचा जार मोरीत ठेवून दिला. घरात छत्तीस डिग्री. दोन दिवसांत सगळं उकळल्यासारखं फसफसून गेलं आणि हाती आलं ते थिनर. त्यानेच पहिल्यांदा वास घेऊन तोंड वाकडं केलं. पण माणूस शेवटी प्लांटवरचा. रिॲक्टरला गार ठेवायला जसं पाण्याचं जॅकेट असतं तसं त्याने जारला केलं. मोठा टब, त्यात पाणी, पाण्यात बर्फाच्या बाटल्या, जारवर ओलं गोणपाट आणि समोर पंखा. पारा एकोणीस-वीसच्या वर गेला की बाटली बदलायची. लावायचं ते फक्त थंडीत. भिंतीवर कंपनीसारखं बॅच कार्ड चिकटवलं, तारीख, तापमान, घनता, वास असे रकाने आखून. घनता मोजायला जुना हायड्रोमीटर माझ्याकडूनच नेला.

दुसऱ्या बॅचला धीर सुटला. बाटल्या भरल्यावर साखरेचा दाणा आत आंबून गॅस धरायला दोन आठवडे लागतात, यानं पाचव्या दिवशी उघडल्या. सगळं मिळमिळीत. तिसऱ्या बॅचला मात्र बाटल्या फुटल्या. आंबणं थांबलं असं समजून त्याने हॉप्स टाकले, आणि हॉप्समुळे थांबलेलं आंबणं पुन्हा हळूच सुरू झालं. ते लक्षात न घेता त्याने साखर घालून बुचं ठोकली. भर दुपारी अकरा बाटल्या एकामागून एक उडाल्या. दमयंतीवहिनींनी पंधरा दिवस अबोला धरला. त्यानंतर त्याने कार्डावर लाल पेनाने लिहिलं: हॉप्सनंतर सलग तीन दिवस घनता तीच आली तरच बाटली.

म्हणजे माणूस शिकत होता. चौथी बॅच जमणार याची मला खात्री होती.

मग गेल्या डिसेंबरात तो प्रयोगशाळेत हॉप्सचं पाकीट घेऊन आला. वैतागलेला. "फसवलं मॅडम. शिळा माल दिला. वासच नाय."

मी पाकिटात नाक घातलं आणि मागे सरले. इतका तिखट, ताजा वास. दोन टेबलं पलीकडून माझ्या सहकारी हेतलने विचारलं, "संत्रं कोण सोलतंय?" रामनाथने माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे. "सर्दी हाय मला," म्हणाला आणि गेला. मलाही ती सर्दीच वाटली. थंडीचे दिवस होते.

जानेवारीत त्याने बॅच लावली. तिसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मी शिरगावला गेले. दमयंतीवहिनी ओट्यावर पदर नाकाला लावून तांदूळ निवडत होत्या. "दोन दिस घरात अंडी कुजल्यागत वास मारतोय," त्या म्हणाल्या. "यांना सांगितलं तर म्हणतात, मस्त येतोय. तुमीच बघा आता."

आत गेले तर खरंच. यीस्ट कधीकधी तसं करतं. थोडा सल्फाइड सोडतं, आणि चार-पाच दिवसांत तो आंबण्याच्या वायूबरोबर आपोआप निघून जातो. त्यात काळजीचं काही नसतं. पण गॅस तोच, आमच्या पिटमधलाच. रामनाथ जारवर वाकला होता. नळीच्या तोंडाशी नाक नेऊन, डोळे मिटून त्याने खोल श्वास घेतला. मग माझ्याकडे वळून हसला.

"आली ना संत्र्याची साल?" त्याने विचारलं.

मी त्याला मागच्या दारी, ताडाखाली घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "रामनाथ, कधीपासून?"

तो ताडाच्या बुंध्यावर नखाने ओरखडत राहिला. मग म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यापासून. आधी मासळीचा गेला. मग साबणाचा. आता काय्येक नाय."

"आणि तू पिटवर हात वर करतोस?"

"घसा खवखवतो का, डोळे चुरचुरतात का, ते बघतो. अंदाज हाय मला."

"अंदाज? अरे, हा गॅस घसा खवखवेपर्यंत थांबतो का?" मी ओरडलेच. वहिनींनी आतून विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काय नाय, घनता चुकली.

मग त्याने गळ घातली. नाकाखेरीज माझ्याकडे काय आहे, म्हणाला. नाक गेलं म्हटल्यावर साहेब मला गेटवर बसवतील, पोरं हसतील. डॉक्टर म्हणालाय, कधीकधी परत येतं. "ही बॅच तेवढी होऊ दे. बाटलीत तयार झाली का मी उघडीन. एवढे हॉप्स टाकून पण मला वास नाय आला, तर मग गेलाच. मी सोता साहेबांना सांगीन. तवर पिटवर जायचा नाय, तुमची शपथ. कायतरी कारण काढीन."

आंबायला दोन आठवडे आणि बाटलीत दोन आठवडे, म्हणजे जवळपास महिना. मी हो म्हटलं. दया आली म्हणून म्हटलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण निम्मं खरं हे की मला तक्रारीच्या भानगडीत पडायचं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला मजेत गेले, आणि ही गोष्ट सांगताना मला सगळ्यांत जास्त लाज त्या मजेचीच वाटते. रामनाथ रोज खिशातून एका छोट्या बाटलीत नमुना आणायचा. मी वास घ्यायचे आणि चिठ्ठीवर लिहायचे, तो घरी जाऊन ते कार्डाच्या रकान्यात उतरवायचा. पाचव्या दिवशी अंडं, पण कमी. सातव्या दिवशी अंडं गेलं, आता लोणी. ते ऐकून त्याने बर्फाच्या बाटल्या काढून टाकल्या आणि जार जरा उबेत ठेवला, म्हणजे शेवटी यीस्ट ते लोणीही खाऊन टाकतं. दहाव्या दिवशी स्वच्छ. मग कापडी पुरचुंडीत बांधून हॉप्स सोडले. घनता पुन्हा दोन रेघा उतरली. या वेळी तो थांबला. सलग तीन दिवस आकडा तोच आला तेव्हाच हलला.

"आता कसला येतोय?" तो रोज विचारायचा.

"फळासारखा."

"कसल्या फळासारखा? कैरीचा चीक?"

"तसं नेमकं नाही सांगता येत रे." मी पालघर स्टेशनजवळच्या चाळीत वाढले. कैऱ्या बाजारातून आलेल्या, सुकल्या देठाच्या. चीक मला कुठून ठाऊक असणार? तो जरा हिरमुसायचा.

पिटवर तो खरंच गेला नाही. त्या दिवसांत जाळी दोनदा तुंबली. एकदा त्याने पाठ धरली असं सांगितलं, एकदा वरच्या मजल्यावर वाल्व्हचं काम काढलं. दोन्ही वेळा काम दुसऱ्या शिफ्टवर ढकललं गेलं. मी निर्धास्त झाले.

बाटल्या भरायच्या रविवारी जिव्या मदतीला आला होता. जिव्या मनोरच्या पुढच्या पाड्यावरचा, आमच्याकडे अकरा वर्षं ठेकेदाराचा कामगार. पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यावर भात लावायचा, बाकीचे महिने बोईसरला खोलीवर राहायचा. पिटमध्ये उतरायचं काम नेहमी त्याचंच. पंचेचाळिशीचा गडी, पण हसायला लागला की खांदे हलायचे. त्याने भंगारातून आणलेल्या बाटल्या राखेने घासल्या, गरम पाण्याने धुतल्या. रामनाथ एकेक बाटली काठोकाठ भरत होता, कारण आत हवा राहिली तर हॉप्सचा वास आठ दिवसांत मरतो आणि पुठ्ठ्यासारखी चव येते.

"दादा, एवढं करून आजच नाय प्यायची?" जिव्याने विचारलं.

"चौदा दिस."

"चौदा दिसांत आमी चौदा मडकी रिकामी करू."

"पहिली बाटली तुला. पण चौदा दिसांनी."

जिव्याने एका बाटलीवर कोळशाने फुली मारली. ही माझी, म्हणाला. अठ्ठावीस बाटल्या कपाटाखाली अंधारात सरकवल्या आणि वर गोणपाट टाकलं.

नवव्या दिवशी जाळी पुन्हा तुंबली. सकाळचे अकरा वाजले होते. पाणी वर चढत होतं, आणखी तासाभरात आवारात पसरलं असतं, आणि त्याच दिवशी बाहेरून कोणी पाहणीला यायचं होतं. दुसऱ्या शिफ्टवर ढकलायची सोय नव्हती. प्लांटचे साहेब स्वतः खाली उतरून ओरडत होते. भिंतीवरचं यंत्र चार महिने दुरुस्तीला गेलेलं, त्याच्या जागी नुसते दोन खिळे. रामनाथने म्हणे पाठीचं कारण सांगितलं. साहेब म्हणाले, "तुला उतरायला कोण सांगतंय? नाक लाव आणि जा."

पुढचं मी पाहिलेलं नाही, शेजारी उभ्या असलेल्या फिटरने सांगितलं. रामनाथ उकिडवा बसला. तीन श्वास घेतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. जिव्या शिडीवर एक पाय टाकून उभा होता. त्याने नाक मुरडलं आणि रामनाथकडे पाहिलं. रामनाथने हात वर केला. तेव्हा जिव्या हसला, आपलंच काहीतरी चुकलं असं समजून, आणि उतरला.

सहाव्या पायरीवर त्याचे हात सुटले.

मी आरडाओरडा ऐकून धावत गेले तेव्हा चौघांनी रामनाथला मागून धरून ठेवलं होतं. तो खड्ड्यात उडी मारायला बघत होता. मी काठापासून दहा पावलांवर असेन, तर तो वास माझ्या नाकात शिरला. पाचव्या दिवसाच्या नमुन्यात होता तोच, फक्त कितीतरी जास्त. श्वासाची उपकरणं घालून जिव्याला वर काढेपर्यंत अकरा मिनिटं गेली. त्याच्या डाव्या मुठीत जाळी साफ करायचा ब्रश तसाच होता.

चौकशी तिसऱ्या दिवशी बसली. साहेबांनी लिहून आणलं होतं की मयत कामगार परवानगी न घेता उतरला. रामनाथ उभा राहिला. "परवानगी मी दिली," तो म्हणाला. "हात मी वर केला. माझं नाक मेलंय. वर्ष होत आलं." एकजण हळूच म्हणाला, धक्का बसलाय माणसाला, डोक्यावर परिणाम झालाय. बावीस वर्षांचं नाक असं कसं मरेल? समितीतल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, तुमचा याच्याशी रोजचा संबंध. तुम्हाला कधी असं काही जाणवलं?"

मी म्हटलं, "नाही."

रामनाथने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझं नाव त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. ते "नाही" मी पुढे लेखी बदलून दिलं. जिव्यावरचा ठपका गेला आणि माझी बदली झाली. पण ते आठवड्यानंतरचं. त्या दिवशी मी मूग गिळून घरी आले, वरणभात केला आणि जेवले.

मृत्यूनंतर पाचव्या दिवशी पाड्यावर जिव्याचं दिवसकार्य होतं. सकाळी रामनाथचा फोन आला.

"मॅडम, आज चौदावा."

मला कळेना. "जिव्याचा तर पाचवा ना?"

"बाटल्यांचा चौदावा. त्याला पहिली कबूल केली होती. मी चाललोय पाड्यावर. तुमी येता का?"

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मोटारसायकलवर त्याच्या मागे बसून गेले. मनोर सोडल्यावर रस्ता वर चढतो, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर आणि कापणी होऊन गेलेली खाचरं. त्याच्या खांद्याच्या पिशवीत ती फुलीची बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. सबंध वाटेत तो एवढंच बोलला. "मी अजून उघडली नाय. वास घेऊन नाय पाहिला."

पाड्यावर अंगणात माणसं बसली होती. एक म्हातारा पानाच्या द्रोणातून जमिनीवर ताडी सोडत होता आणि जिव्याचं नाव घेत होता. जिव्याची बायको काशीबाई कुडाला टेकून बसली होती. बारीक, काळीसावळी, डोळे कोरडे. एकाने आमच्यासाठी खाट ओढली, पण आम्ही खालीच बसलो.

रामनाथने बाटली काढली. "जिव्याची हाय," तो म्हणाला. "त्यानं खूण केलीय." आणि बूच उघडलं. छान आवाज आला. फेस मानेपर्यंत चढला आणि तिथेच थांबला, सांडला नाही. गॅस नेमका धरला होता. चार वर्षांत पहिल्यांदा सगळं नेमकं जमलं होतं. रामनाथने बाटली नाकाशी नेली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्याने तीनदा सावकाश श्वास घेतला, पिटच्या काठावर घ्यायचा तसाच. मग बाटली खाली केली आणि काशीबाईपुढे धरली.

तिने ती दोन्ही हातांनी घेतली. ओतण्याआधी तिनेही नाकाशी नेली.

"कैरीच्या चिकाचा वास येतो," ती म्हणाली.

रामनाथच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. माणूस इतका मोडलेला मी पाहिला नव्हता. काशीबाईने बाटली सावकाश, थेंब न थेंब, द्रोणाशेजारच्या मातीवर ओतली. माती फेसाळली आणि फेस विझला. रिकामी बाटली तिने बाजूला उभी करून ठेवली.

मग तिने विचारलं, "दादा, हात तुमीच वर केलात ना? घरी आला का सांगायचा, रामनाथदादा हात वर करतो तवाच आमी उतरतो. मला भ्या नाय."

"मीच केला," रामनाथ म्हणाला. "मला वासच येत नाय काशीबाई. आता याचा पन नाय आला. वर्षापासून नाय येत. मी कोणाला सांगितलं नाय."

म्हाताऱ्याने द्रोण खाली ठेवला. काशीबाईने माझ्याकडे पाहिलं. शहरातली बाई, कंपनीची बाई, ही कशाला आली असेल, असा तो विचार असावा. "तुमाला ठावं होतं?" तिने विचारलं.

समितीपुढे जे तोंडातून निघालं नव्हतं ते इथे निघालं. "हो," मी म्हटलं. "महिनाभर."

ती रडेल, शिव्या घालेल, बाटली फेकून मारेल, असं मला वाटलं. मारावी असंही वाटलं. पण ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, एखादा साधा हिशोब लोकांना कसा चुकतो हे समजून घ्यायचा प्रयत्न करावा तशी.

"मंग त्याला तेवढं सांगायचं होतं," ती म्हणाली. "त्याला सोताचं नाक होतं की."